पाण्याकडे पाठ

मी कोणाची आश्रित नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच कीव करत बसायला नको.

इतवारीतल्या आमच्या बोळात मला मिरचीवाली देवकाबाई म्हणतात. नवरा, नत्थूजी, गेला तेव्हा आमचा किसना चौथीत होता. भिवापूरच्या मिरचीचं पहिलं पोतं मी छोट्या रेल्वेनं आणलं आणि इतवारी स्टेशनापासून डोक्यावर घेऊन घरी आले. तेव्हापासून कांडते, चाळते, विकते. त्याच मिरचीवर किसना बी. कॉम. झाला, कृष्णकांत झाला आणि सरकारी खात्यात चिकटला. आता टेबलामागे बसतो. घरात मला माय म्हणतो, ऑफिसातली माणसं आली की आई म्हणतो.

एक्क्याऐंशी सालचा फेब्रुवारी सरत आला होता. अंगणात मिरची पसरली होती, आणि सून शामला तोंडाला फडकं बांधून तिखट चाळत होती. किसना ऑफिसातून आला, चप्पल न काढताच माझ्यासमोर एक कागद धरला.

"माय, इथी सही कर."

"कशाची?"

"अंदमानले चाललो आपण. बेटावर. मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून जहाज. मे महिन्यात."

सरकार म्हणे नोकरदाराला चार वर्षांतून एकदा बायकापोरांसकट देशात कुठंही जायचं भाडं देतं. आईबापही चालतात. पण त्यांनी लिहून द्यावं लागतं. काय लिहून द्यावं लागतं ते मी स्वतः वाचलं. मी दुसरीपर्यंत शिकले, मला अक्षर लागतं. कागद हिंदीत होता. मैं अपने पुत्र पर पूर्णतः आश्रित हूँ.

"हे कोणी लिवलं?"

"छापील असते माय. सगळ्याइलेच असते."

"अन् हे पूर्णतः?"

"थे बी छापील."

"तुह्या अंगातल्या शर्टाचे बटन तरी तुह्या पगारातले हायेत का रे? मी आश्रित? तुह्यावर?"

इथं तो गप्प राहिला असता तर मी कदाचित विचार केला असता. पण शिकलेल्या माणसाला गप्प राहता येत नाही. म्हणाला, "माय, तुह्यी कमाई सरकारच्या हिशेबात कमाईतच नाही बसत. त्याइनं जो आकडा ठरवला, त्याच्या खालीच हाये तू. म्हणजे खोटं काही लिहून नाही राहिलो आपण."

"खोटं असतं तर एकवेळ सही केली असती मी," मी म्हटलं. "नेय तो कागद."

"मग तू घरीच राह्यशीन."

"राहीन. हंगामाच्या दिवसात मले कुठं बेटावर जाऊन नाचाचं हाये?"

शामलाचे हात चाळणीवर थांबले होते. ते मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. वाटलं, तिखट नाकात गेलं असेल.

पुढच्या रविवारपासून आमच्या ओट्यावर बैठका सुरू झाल्या. चार घरं मिळून एकवीस माणसं जाणार होती, आणि त्यांचे पुढारी होते मनोहरराव. हे किसनाच्या शेजारच्या टेबलावरचे. सोबत त्यांची बायको प्रेमलता. तिला उन्हाचा त्रास होतो, धुराचा होतो आणि मिरचीचा तर इतका होतो की आमच्या घरी येऊन ती दोन तास नाकाला रुमाल लावून बसायची, पण चहा मात्र रुमाल बाजूला करून प्यायची.

"शहराचा गोंगाट नकोसा झाला काकू," मनोहरराव मला सांगत. "हातगाड्या, भोंगे, हमालांची ओरड. जिवाला शांतता पाहिजे." आमच्या बोळात त्या वेळी सगळ्यात मोठ्यानं तेच बोलत असत.

भाडं सरकार देणार, पण राहणं-खाणं आपलं. त्यावर मनोहररावांनी तोड काढली होती. हॉटेलात राहायचं नाही, बाहेर खायचं नाही, तिथं काही विकत घ्यायचं नाही.

"मग घरीच राहा ना," मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

तिथल्या एका शाळेच्या खोल्या सुट्टीत फुकटात मिळणार होत्या. शिधा इथून न्यायचा. तांदूळ, डाळ, कणीक, बेसन. दोन स्टोव्ह. आणि माझे तीन गंज. गंज म्हणजे आमच्याकडं भाताचं, रश्श्याचं मोठं पातेलं. बोळात कोणाकडं बारसं असो की तेरवी, माझेच गंज जातात. मी हो म्हटलं. भांडी द्यायला मी कधी नाही म्हणत नाही.

"अन् पिण्याच्या पाण्याचं काय?" मी विचारलं.

"काकू, बेट आहे ते. चारी बाजूनं पाणीच पाणी!"

मग किसना हळूच म्हणाला, "खारं असते ना साहेब थे." मनोहरराव म्हणाले, मी मजाक करत होतो. ते मजाक करत नव्हते. मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

अशा माणसाच्या डोक्यातून निघालं की जाण्याआधी एकदा रंगीत तालीम करावी. सगळा बाडबिस्तरा घेऊन एक रविवार अंबाझरीला काढायचा. तिथं तलाव आहे, वारं आहे. "समुद्र म्हणजे काय काकू, हेच, थोडं मोठं," असं म्हणाले. मलाही बोलावलं, कारण गंज माझे होते आणि ते कोणाच्या हाती सोडून मी घरी बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

होळीनंतरचा रविवार. सकाळीच ऊन तापलेलं. अंबाझरीच्या बांधाजवळ झाडाखाली सतरंज्या पडल्या. पोरं पाण्याकडं पळाली, बाप्यांनी पत्ते काढले, बायकांनी चपला काढून पाय पसरले. प्रेमलतेनं तर डोळ्यांवर ओला रुमालच ठेवला, म्हणाली, "समुद्राची हवा म्हणून समजायचं बरं का."

शामला तेवढी सतरंजीवर नव्हती.

वाऱ्यानं स्टोव्ह विझत होता, म्हणून तिला एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसवलं होतं. तोंड भिंतीकडं, पाठ पाण्याकडं. एका स्टोव्हवर भात, दुसऱ्यावर पाटवड्यांचा रस्सा. पाटवडी म्हणजे बेसन शिजवा, थापा, वड्या पाडा, मग मसाला भाजा, वाटा, रस्सा करा. घरी सहा माणसांसाठी केली तरी कंबर धरते. इथं एकवीस माणसं. वरून पोळ्या. ती पंप मारायची, लाटायची, शेकायची, परत पंप मारायची. घाम हनुवटीवरून परातीत पडू नये म्हणून मान वाकडी करून लाटत होती.

मला वाटलं, आज हिची पाळी असेल. पुढं दुसऱ्यांची येईल. चार घरं आहेत म्हणजे चार पाळ्या, यात विचारायचं काय असतं?

मनोहरराव हातातलं घड्याळ पाहत भिंतीजवळ गेले. "वहिनी, थोडा हात उचला. सकाळी नऊपासून सुरू आहे. तिथं इतका वेळ लागला तर आमचं फिरणं राहील."

प्रेमलतेनं चमच्यानं रस्सा चाखला. "चव छान गं. पण जहाल झाला. तिथं बेतानं टाकशील तिखट."

मी जागेवरून उठले. "तिथं? तिथं बी हेच रांधणार हाये का?"

"हो ना काकू," मनोहरराव म्हणाले, जसं काही मी हवापाण्याचं विचारलं होतं. "ठरलंच आहे ते. स्वयंपाक वहिनींकडं. म्हणून तर सगळं स्वस्तात बसून राहिलं."

"एकवीस माणसाचा? दोन टाइम?"

"नाश्ता धरून तीन."

माझ्या तोंडून त्यानंतर जे निघालं ते इतवारीतल्या हमालांनाही ओळखीचं नव्हतं. पत्ते थांबले. प्रेमलतेचा रुमाल खाली पडला. मी म्हटलं, "तुम्ही लोक समुद्र पाहाले जाऊन राहिले की माह्या सुनेले मोलकरीण म्हणून बेटावर टाकाले? लाज वाटते का थोडी? बाप्पेहो, हात तुटले का तुमचे? अन् तू रे किसना, पत्ते खाली ठेव. तुह्या बायकोची पाठ दिसते का तुले इथून?"

किसना पत्त्यांकडं पाहत म्हणाला, "आई, तिनंच कबूल केलं."

आई म्हणाला. ऑफिसातली माणसं होती ना.

मी भिंतीजवळ गेले आणि दोन्ही स्टोव्हच्या चाव्या सोडल्या. फस्सकन हवा गेली. "ऊठ शामला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंड लालबुंद, पण डोळ्यांत उपकार मानल्याचा एक कण नाही. तिनं दोन्ही चाव्या बंद केल्या आणि परत पंप मारायला लागली. "आत्याबाई, तुम्ही बसा जाऊन. माह्या पोळ्या व्हायच्या हायेत."

एकवीस माणसांपुढं. मी, देवकाबाई, मिरचीच्या दलालाशी भाव करताना कधी मागं सरकले नाही, ती सतरंजीवर जाऊन बसले. जेवले नाही. सगळे माझ्यासमोर बोटं चाटून जेवले.

परतताना मी आणि शामला एका सायकल रिक्षात बसलो, गंज पायांत. बाकीचे बसनं गेले. शंकरनगर आलं. मग मीच तोंड उघडलं. मी फार वेळ गप्प बसू शकत नाही.

"लोकाइचं रांधायची एवढी हौस होती तर मले सांगाचं होतं. लग्नाच्या पंगतीवर लावून देल्ली असती."

"हौस?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "तुम्हाले वाटते, मले कोणी फसवलं. कोणी नाही फसवलं. मीच म्हटलं, मी रांधतो सगळ्याइचं, पण मले न्या."

"न्या म्हणजे? तुह्यं तिकीट तर सरकार देते."

"तिकीट देते. पण तुमच्याजवळ कोण राहीन?"

"माह्याजवळ?"

"तुम्ही सही नाही केली. त्याच दिवशी हे मले म्हणे, आता तू राह्य घरी. माय एकटी हाये, हंगाम हाये, तिले चक्कर येते. मी न् पोरं जाऊन येतो. चार दिवस रडलो मी आत्याबाई, तुमच्या तिखटाच्या नावावर खपून गेलं. मग म्हटलं, माह्याशिवाय याइचं काय अडते? तर याइचं खाणं अडते. म्हणून मनोहररावाइले मीच सांगितलं. तेव्हा कुठं त्याइनं ह्याइले पटवलं, न् माहेरून, खाप्याहून, माह्या काकूले तुमच्याजवळ आणून ठेवाचं ठरलं."

म्हणजे माझ्यावर राखण बसवणार होते. खाप्याची ती काकू, जिला स्वतःची काठी सापडत नाही, ती मला राखणार.

"अन् एवढं काय हाये त्या समुद्रात?" मी म्हटलं.

"मले उतराचं हाये." तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, समोर पाहत होती. "कन्हान नदीत मी खाप्याच्या पोराइले मागं टाकत होतो. पुरात बी एकदा पार करून आलो, मार खाल्ला बापाचा. लग्न झालं तवापासून बादलीच्या वर पाणी नाही पाह्यलं मी. बारा वर्सं. सगळे झोपले की सकाळी एक डाव उतरीन न् येऊन चहा ठेवीन, एवढंच ठरवलं होतं. तुम्ही त्या एका शब्दावर अडल्या. तुमचं बरं हाये. तुम्हाले निदान विचारते तरी सरकार. मी तर रोजच आश्रित हाये, मले कोणी कागद बी नाही देत सहीले."

उत्तर सुचलं नाही की माझा राग दुप्पट होतो. रिक्षावाल्याला म्हटलं, "काय गा, बैल हाये का तू, सगळे खड्डे चाटत चालला?" तो बिचारा आणखी जोरात पायडल मारायला लागला. गंज एकमेकांवर आपटत होते.

घरी आल्यावर मी पाय न धुता अंगणात पाटावर बसले. मिरचीच्या ढिगावर ऊन उतरत होतं. मला कोणाकोणाचा राग आला होता ते सांगते. मनोहररावाचा, प्रेमलतेचा, किसन्याचा, सरकारचा, त्या खाप्याच्या काकूचा. आणि शामलाचा सगळ्यात जास्त, कारण तिनं मला असं कोंडलं होतं की बाहेर पडायला एकच दार होतं, आणि त्या दारातून वाकून जावं लागत होतं. मी वाकत नाही. नत्थूजींच्या भावांनी घर मागितलं तेव्हा वाकले नाही. मिरचीत विटकरीचा भुगा मिसळायला सांगणाऱ्या व्यापाऱ्यापुढं वाकले नाही. आणि आता एका छापील ओळीपुढं वाकायचं.

किसना बसनं आला. मला बघून बाजूनं निसटायला लागला.

"इकडं ये. थो कागद आण."

"कोणता?"

"ज्याच्यावर मी तुह्या तुकड्यावर जगतो असं लिवलं हाये, थो."

तो बघतच राहिला. "माय, उद्या शेवटची तारीख हाये. पण तू तर…"

"आण म्हटलं ना."

कागद आणला. सोबत शाईचा डबाही आणला, ऑफिसचा, निळ्या गादीचा. तो पाहिल्यावर माझं डोकं आणखी फिरलं. "डबा ठेव आपल्या खिशात. अंगठा तुह्या मनोहररावाचा घेजो. मले पेन दे."

पुन्हा एकदा वाचलं. पूर्णतः. किसन्याला विचारलं, तेवढा एक शब्द खोडता येतो का? म्हणाला, खोडाखोड केली तर नामंजूर होते. मग मी पाटावर मांडी घालून, कागद सुपाच्या पाठीवर ठेवून सही केली. देवका नत्थूजी पौनीकर. पूर्ण. एकेक अक्षर लिहिताना दात असे दाबले होते की दोन दिवस जबडा दुखला. कागदावर बोटाचं तिखटही लागलं. ते मी पुसलं नाही.

"आता आइक," मी म्हटलं. "मी येऊन राहिली बेटावर. म्हणजे मले राखाले इथं कोणी नको. बराबर?"

"बराबर."

"खाप्याची काकू खाप्यातच राहीन. अन् शामलानं जे कबूल केलं, थे माह्यापायी केलं होतं. मीच घरी नाही, म्हणजे तिचं कबूल बी संपलं. बराबर?"

त्याच्या डोक्यात हळूहळू उतरायला लागलं. "पण माय, मग एवढ्या लोकाइचं…"

"गंज माहे हायेत. थे जातीन तर माह्या बोलीवर जातीन. चार घरं, चार पाळ्या. अन् पाळी म्हणजे बाईची नाही, घराची. बाप्या पंप मारीन, बाप्या भांडे घाशीन."

शामला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडं आली नाही, पाया पडली नाही, बरं झालं. मला ते चाललं नसतं.

सोमवारी संध्याकाळी मनोहरराव आले. ओट्यावर उभ्यानंच बोलले. "काकू, असं ऐनवेळी कसं चालेल? प्रेमलतेला धूर सहन नाही होत."

"मग तिच्या पाळीले तुम्ही बसा. तुम्हाले तर घड्याळ बी पाहता येते."

"मी? स्टोव्हसमोर?"

"काहून? स्टोव्ह बाप्या पाहून भडकते का?"

"लोक हसतील हो."

"तिथं शांतता हाये म्हणत होते ना तुम्ही? मग हसाले कोण येते?"

ते म्हणाले, अशानं माणसं गळतील. मी म्हटलं, गळू द्या. दोन घरं गळालीच. मनोहरराव मात्र गळू शकले नाहीत. त्यांची रजा मंजूर झाली होती आणि ऑफिसभर सांगून झालं होतं. जाता जाता ते किसन्याला म्हणाले, "तुझी आई फार कडक आहे रे." किसना म्हणाला, "हो साहेब, माय तशीच हाये." साहेबासमोर माय म्हणाला. मी ऐकलं, पण काही दाखवलं नाही.

त्या रविवारी मी माझ्या अंगणातच दुसरी तालीम ठेवली. मनोहरराव आले, बनियनवर. रागानं पंप मारत होते. स्टोव्ह भडकला, मग विझला, मग नुसता धूर. "पिन कुठं घालायची काकू?" मी म्हटलं, "शामलाले विचारा." शामला झोपाळ्यावर बसली होती. तिनं बसल्याबसल्या बोटानं दाखवलं आणि झोपाळ्याला पायानं झोका दिला. प्रेमलता नाकाला रुमाल लावून तांदूळ निवडत होती. कच्चा राहिलेला भात सगळ्यांनी खाल्ला. मी सगळ्यात जास्त खाल्ला, आणि प्रत्येक घासाला नाव ठेवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला किसना धावतच घरी आला. "माय! सगळ्याइचं मंजूर झालं. तुह्यं बी."

त्याच वेळी भिवापूरहून आलेलं मिरचीचं पोतं दारात उतरलं होतं. मी सवयीनं पदर खोचला, वाकले. मग थांबले.

"काय म्हणते सरकार? मी कोण हाये?"

"आता त्याचं काय माय…"

"नाही, सांग ना. मोठ्यानं सांग."

"आश्रित," तो पुटपुटला.

"पूर्णतः?"

"पूर्णतः."

"मग आश्रित बाईले ओझं उचलू देतेत का रे? उचल थे पोतं."

त्यानं ऑफिसच्या कपड्यांतच पोतं पाठीवर घेतलं. दोन पावलांत शिंकायला लागला. शामला आतून पाहत होती. ती हसली नाही, पण तिनं मला एक विचारलं, बऱ्याच दिवसांनी स्वतःहून.

"आत्याबाई, तुम्ही उतराल का पाण्यात?"

"मी काहून उतरू? मी काठावर बशीन. स्टोव्हकडं पाठ करून."